भिंतीतली तार कोणत्या सालची?

हेडफोन लावलेत ना? फोन चार्जिंगला असेल तर चार्जर ज्या बोर्डात खोचलाय तो बोर्ड एकदा बघा. पांढरा, गुळगुळीत, मॉड्युलर आहे? की लाकडी पेटीवर सनमायका ठोकलेला, काळ्या नाहीतर पिवळट बटणांचा? दुसऱ्या जातीचा असेल तर आजचा भाग तुमच्या घराबद्दल आहे. पांढरा असेल तरी लगेच पुढे सरकवू नका. बोर्ड बदलला म्हणजे त्याच्या मागची तारही बदलली असं काही नसतं.

काही जण म्हणतील, इतिहासाच्या पॉडकास्टवर वायरिंग कशाला? किल्ले संपले का? नाही संपले. पण मी जालन्याचा. आमच्या गावात घर बांधायला काढलेला माणूस सळईवर तासभर बोलू शकतो. कॉलमला बारा एमएम की सोळा, पाचशे ग्रेड की साडेपाचशे, कोणत्या मिलची, आजचा भाव काय. एमआयडीसीतून सळईचे वाकवलेले गठ्ठे लादून ट्रक बाहेर पडतात ते बघतच आम्ही मोठे झालो. पण याच माणसाला विचारा, घरात वायर कोणती टाकली? उत्तर येतं, 'ते वायरमनला माहिती.' आणि ती वायर टाकून पन्नास वर्षं झाली असतील तर तो वायरमनही आता नसतो. म्हणजे माहिती गेली, तार राहिली. मला आज त्या तारेबद्दल बोलायचंय. ती कुठून आली, तशीच का आली, आणि आज तिच्याकडून आपण काय काम करून घेतोय.

फार मागे जात नाही. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात विजेचा थाट होता तो मुख्यतः हैदराबाद शहराचा. हुसेन सागरच्या काठावरचं वीजघर १९२० चं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला आणि लगेच जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. म्हणजे आपल्या घरातले म्हातारे अजूनही ज्याला 'एमएसईबी' म्हणतात ते. महावितरण हे नाव २००५ चं, पण तोंडात बसलेलं काही सुटत नाही. पुढे सगळं भराभर झालं. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झालं, १९७१ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं. गावोगावी खांब उभे राहिले आणि वाड्यांमध्ये, माळवदाच्या घरांमध्ये दिवे लागले. आमच्या कादराबादेतल्या घरात लाइट आली ती १९६८ ला. आजी हे साल लग्नकार्याच्या हिशोबाने सांगते, पण मीटरची पहिली पावती ट्रंकेत आहे, तिच्यावरही तेच आहे.

तर १९६८ ची तार. ती कशी असायची?

त्याआधीच्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपासच्या फिटिंगमध्ये रबराची वायर असायची. तांब्याची तार, तिच्यावर रबर, रबरावर सुती विणीचं आवरण. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालत. गंधक तांब्याला खातं, म्हणून तांब्यावर आधी कथिलाचा मुलामा देत. जुन्या वाड्यात कुठे काळी पडलेली, कापडात गुंडाळल्यासारखी वायर दिसली आणि आतली तार चंदेरी निघाली, तर ती ॲल्युमिनियमच असेल असं नाही, हे कथिल असू शकतं. हे रबर काही दशकांत वाळून कडक होतं. नंतर बोट लावलं तरी त्याचा भुगा पडतो. ही वायर लाकडाच्या दोन खाचांच्या पट्टीतून जायची, वर लाकडाचंच झाकण. केसिंग-कॅपिंग हा शब्द तिथला. आज आपण प्लास्टिकच्या पट्टीलाही तेच म्हणतो.

साठच्या दशकात रबर मागे पडलं, पीव्हीसी आलं. सागवानी पट्टी भिंतीवर ठोकायची, तिच्यावर वायर अंथरायची आणि दर वितीवर पत्र्याच्या क्लिपने धरायची. पट्टी फिटिंग. तुमच्यापैकी अनेकांनी मामाच्या गावाला पाहिली असेल, वर्षानुवर्षं चुना मारून मारून भिंतीच्याच रंगाची झालेली. दिसायला कशीही असली तरी तिचा एक मोठा गुण होता. वायर उघड्यावर असायची. तापली तर हवा लागायची, काळी पडली तर दिसायची.

पण त्या पीव्हीसीच्या आत काय होतं? इथे आपल्याला जालन्याबाहेर जावं लागेल.

तांबं भारतात फार निघत नव्हतं. घाटशिलाला इंग्रजांच्या काळापासूनची एक खाण आणि कारखाना, बाकी आयात. आणि आयातीला लागतात डॉलर. १९६२ ला चीनशी युद्ध, १९६५ ला पाकिस्तानशी, मध्ये दुष्काळ. परकीय चलनाची इतकी ओढाताण झाली की ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं. काल पावणेपाच रुपयांना मिळणारा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. अशा वेळी घरातल्या दिव्यासाठी तांबं कोण मागवणार? ॲल्युमिनियम मात्र आपल्याकडे होतं. बॉक्साइटच्या खाणी होत्या, रेणुकूटचा मोठा कारखाना १९६२ ला सुरू झाला होता, पुढे आपल्या बेळगावलाही झाला. म्हणून खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्या, भूमिगत केबल ॲल्युमिनियमची आणि घरातली वायरही ॲल्युमिनियमची. हा कुणा वायरमनचा हलगर्जीपणा नव्हता, कुणा बिल्डरची लबाडीही नव्हती. देशाकडे तांब्याला पैसे नव्हते. आजोबांच्या घरातली एक अठराची ॲल्युमिनियमची तार म्हणजे १९६६ च्या त्या चलनसंकटाचा तुकडाच आहे, भिंतीवर ठोकलेला.

'एक अठरा' म्हणजे अठरा गेजची एकच तार. जुने वायरमन अजून असंच बोलतात. एक अठरा, तीन बावीस, सात वीस. पहिला आकडा तारा किती, दुसरा गेज कोणतं. आता सगळं स्क्वेअर एमएममध्ये मोजतात, पण दुकानात जाऊन 'तीन बावीस द्या' म्हणालात तरी काउंटरवरच्या काकांना कळतं.

ॲल्युमिनियम वाईट धातू आहे का? अजिबात नाही. खांबांवर आजही तेच आहे. तांब्यापेक्षा त्याचा विरोध जवळपास दीडपट-पावणेदोनपट, तेवढी जाडी वाढवली की झालं. दुखणं लांबीत नसतं, सांध्यात असतं. उघडं पडलेलं ॲल्युमिनियम हवेत लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतं, आणि हा पापुद्रा वीज नेत नाही. दुसरं, ते मऊ आहे. बटणाच्या पितळी स्क्रूखाली आवळलं की वर्षानुवर्षं हळूहळू दबत, सरकत जातं. तिसरं, तापल्यावर ते तांब्यापितळेपेक्षा जास्त फुगतं आणि गार झालं की आकसतं. रोज संध्याकाळी फुगणार, रोज रात्री आकसणार. दहा वर्षांत त्या स्क्रूखाली केसाएवढी फट पडते. फट पडली की विरोध वाढला, विरोध वाढला की उष्णता वाढली, उष्णता वाढली की फट आणखी मोठी. बोर्डाजवळ जळक्या प्लास्टिकचा वास येतो ना अधूनमधून? बटण दाबल्यावर आतून चर्रर्र आवाज? तो या फटीचा आवाज असू शकतो.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट आता सांगतो. या प्रकारात फ्यूज उडत नाही, एमसीबीही पडत नाही. कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. जेवढा हवा तेवढाच चाललाय, फक्त एका जागी तो निखारा पेटवतोय.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. अमेरिकेतही साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबं महागलं म्हणून लाखो घरांत ॲल्युमिनियमची वायर गेली. २८ एप्रिल १९७४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज गावात एका घराला आग लागून दोन माणसं गेली. अधिकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा प्लगपाशी ॲल्युमिनियमच्या तारेचा खराब सांधा सापडला. त्यांच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मग हा विषय लावून धरला. त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की १९७२ पूर्वीची ॲल्युमिनियम वायर असलेल्या घरात एखादा तरी सांधा आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा ५५ पट आहे. हा आकडा त्यांच्या घरांचा आहे, तसाच उचलून जालन्याला लावू नका. पण तिथे घराला आग लागली की वायर कोणती होती, कोणत्या सालची होती, हे कुणीतरी लिहून ठेवलं.

आपल्याकडे काय लिहिलं जातं? 'शॉर्टसर्किटमुळे आग.' गेल्या चाळीस वर्षांतला कुठलाही मराठी पेपर काढा. देशभरच्या अपघातांची सरकारी आकडेवारी निघते तिच्यातही आगीच्या कारणांमध्ये शॉर्टसर्किट हा एक रकाना असतो. माझी या शब्दाबद्दल तक्रार आहे. शॉर्टसर्किट ही बहुतेक वेळा गोष्टीची शेवटची ओळ असते. त्याआधी वाळलेलं रबर असतं, सैल सांधा असतं, तीन बावीसच्या वायरवर चढवलेला एसी असतो. हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं, आणि शेजारच्या घरातही तीच सालची तीच वायर आहे हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

आता लोडचा हिशोब करू. १९६८ चं आमचं घर घ्या. साठ वॅटचे चार बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. सगळं एकदम चालू केलं तरी साडेतीनशे वॅटच्या आसपास, म्हणजे दीड अँपियर. आज त्याच घरात दीड टनाचा एसी एकटा सात-आठ अँपियर घेतो. गिझर दोन हजार वॅटचा, तो नऊ. मिक्सर, इस्त्री, फ्रिज, इंडक्शन शेगडी वेगळी. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे दहावीच्या विज्ञानात आपण सगळ्यांनी मार्कांसाठी पाठ केलंय. दीडच्या जागी पंधरा अँपियर गेले तर प्रवाह दहापट, पण त्याच तारेत उष्णता शंभरपट. नवी, चांगली ॲल्युमिनियमची एक अठरा मोकळ्या हवेत जेमतेम दहा अँपियरची. आणि ती आता मोकळ्या हवेत कुठे आहे? नव्वदच्या दशकात घरं 'कन्सिल' करायची लाट आली तेव्हा कित्येक ठिकाणी पट्टी काढली आणि भिंतीला खाच पाडून तीच वायर पाइपात घातली, वरून प्लास्टर. तापायला सगळी सोय, गार व्हायला काही नाही.

माझे बाबा एमआयडीसीत एका स्टील कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. हा भाग लिहिताना त्यांच्याशी बोललो तर ते म्हणाले, तुझी वायर आणि आमची भट्टी एकच गोष्ट आहे. मला आधी पटलं नाही. मग त्यांनी समजावलं. जालन्यातल्या भट्ट्या बहुतेक इंडक्शनच्या. मोठ्या भांड्यात भंगार लोखंड टाकायचं, भांड्याभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं, त्यातून वीज सोडायची. वेटोळं भंगाराला शिवतही नाही, पण त्याच्या चुंबकीय क्षेत्राने भंगाराच्या आत प्रवाह फिरायला लागतात, आणि लोखंडाच्या विरोधामुळे ते लोखंडच तापत तापत पंधराशे अंशांच्या पुढे जाऊन वितळतं. प्रवाह आणि विरोध, एवढंच. मग ते तांब्याचं वेटोळं का वितळत नाही? कारण ती नळी आहे आणि तिच्यातून सतत गार पाणी खेळतं. पाण्याला जरा अडथळा आला की अलार्म होतो, माणसं पळत सुटतात. कारखान्यात वीज वायरला तापवणार हे गृहीत धरून सगळी मांडणी केलेली असते. घरात ते कुणीच गृहीत धरत नाही.

बाबांचीच आणखी एक गोष्ट. कारखान्यात अर्थिंगचे खड्डे मोजलेले असत, त्यांना नंबर असत, उन्हाळ्यात त्यांत पाणी ओतायची पाळी लावलेली असे. घरी? जुन्या घरांत अर्थिंग असलंच तर तार नेऊन नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. तेव्हा ते चालूनही जायचं, पाइप जमिनीत लांबवर गेलेला असायचा. पुढे लोखंडी पाइप गंजला, प्लंबरने प्लास्टिकचा टाकला. प्लंबरचं काम चोख झालं, नळाला पाणी आलं, आणि त्याच दिवशी घराचं अर्थिंग गेलं. कुणाला कळलंही नाही, कारण अर्थिंग नसलं तरी पंखा फिरतो.

जालन्यात याला पाण्याची बाजूही आहे. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी इथे काढलाय त्यांना सांगायला नको. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी, तेही कमी दाबाने. मग प्रत्येक घराने नळाला मोटार लावली. अंगण ओलं, पाय ओले, मोटारीचं लोखंडी अंग, आणि खिडकीतून आलेली दोन पिनची एक्स्टेंशन. थ्री-पिनची तिसरी पिन नुसती शोभेची, किंवा कापूनच टाकलेली. अशा वेळी माणसाला वाचवू शकतं ते एकच उपकरण, आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपियरचा फरक पडला की ते क्षणात लाइन तोडतं. एमसीबी हे करत नाही. एमसीबी तारेला वाचवते, आणि तेही बरोबर आकड्याची बसवली असेल तर. जुन्या वायरवर 'सारखी पडते' म्हणून बत्तीसची एमसीबी बसवणं म्हणजे पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायचे तेच झालं.

मग आलं भारनियमन. दोन हजार पाच ते दहा-बाराचा तो काळ, बारा-बारा तास लाइट नसायची, दहावीचा अभ्यास चिमणीवर झाला वगैरे गोष्टी तुमची मोठी भावंडं सांगत असतील. त्यावर उपाय म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आला आणि त्याची वायर जुन्याच बोर्डात कुठेतरी जोडली गेली. आता अशा घरात मेन स्विच पाडला तरी निम्मे पॉइंट जिवंत राहतात. नव्या वायरमनला हे माहीत नसेल तर तो मेन पाडून निर्धास्त हात घालणार.

म्हणजे एका जुन्या घरात बघा किती थर झाले. आधी रबर, मग टंचाईचं ॲल्युमिनियम, नव्वदचं प्लास्टर, भारनियमनाची जोडणी, आणि वरून मॉड्युलर बोर्ड. बाहेरचा मीटर दोनदा-तीनदा बदलला, चाकाचा जाऊन डिजिटल आला. मीटरच्या आतलं सगळं मात्र घरमालकाचं. कनेक्शन घेताना एकदा टेस्ट रिपोर्ट दिला की पुढे साध्या घरात कुणी बघायला येत नाही.

३ एप्रिल २०२४ ची पहाट आठवते? आमच्यापासून साठेक किलोमीटरवर, संभाजीनगरच्या छावणीत, दाणा बाजारात खाली कपड्याचं दुकान आणि वर राहती घरं असलेल्या इमारतीला आग लागली. धुराने गुदमरून एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. ती आग कशाने लागली यावर मी इथे काही बोलणार नाही, तो तपासाचा भाग. मी सांगतोय ते अशा इमारतींबद्दल. जुन्या जालन्यात, नव्या जालन्यात, मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या पेठेत हेच चित्र आहे. खाली दुकान, वर घर, एकच अरुंद जिना, आणि मीटरचा बोर्ड त्या जिन्याच्याच तोंडाशी. म्हणजे पहिली ठिणगी जिथे पडण्याची शक्यता, तिथूनच बाहेर पडायची वाट.

आमच्या घराचं वायरिंग आम्ही मागच्या वर्षी बदललं. मॉड्युलर बोर्ड बारा वर्षांपूर्वीच बसवलेला होता. तो उघडला तर मागे जुनी ॲल्युमिनियमची तार, तिला पुढे तांब्याचं शेपूट पिळून जोडलेलं, आणि वर टेप. टेप करपून पापडासारखा झाला होता. समोरच्या खोल्यांचा निर्णय लगेच झाला. वाद झाला तो मागच्या दोन खोल्यांवरून. तिथे एमआयडीसीत शिफ्टला जाणारे चार जण भाड्याने राहतात, दोन बिहारचे, दोन परतूर तालुक्यातले. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड आणि शेगडी एकाच बोर्डावर. काकांचं म्हणणं, भाडेकरूंसाठी एवढा खर्च कशाला, रॉड वापरू नका म्हणून सांगू. आजी म्हणाली, रात्रपाळी करून आलेला माणूस डिसेंबरात गार पाण्याने अंघोळ करणार का? खोल्यांचीही वायर बदलली. गिझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएम तांब्याची वेगळी लाइन, अर्थिंगचा नवा खड्डा, मेनला आरसीसीबी. निघालेली तार भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेली. तिचा एक वीतभर तुकडा मी ठेवून घेतलाय.

तुमच्याकडे काय आहे ते मला बघायचंय. बोर्ड स्वतः उघडू नका, अजिबात नाही, ते काम परवाना असलेल्या वायरमनचं. बाहेरून जे दिसतं त्याचा फोटो काढा. लाकडी पट्टी, चिनी मातीचे फ्यूज, पितळी टोप्यांची गोल बटणं, काहीही. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून एक गोष्ट सोबत लिहा. घरात लाइट आली ते साल. नक्की आठवत नसेल तर त्या वर्षी कुणाचं लग्न होतं, पाऊस कसा होता, तेही चालेल. पुढच्या भागात ही सालं वाचून दाखवतो.